पाटीवरची अक्षरं: थेरपिस्ट नेमकं काय करतात

समुपदेशन केंद्राच्या यादीत एका थेरपिस्टच्या नावाखाली 'सीबीटी, एसीटी' लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या नावाखाली 'सायकोडायनॅमिक', तिसऱ्याच्या 'ईएमडीआर, ट्रॉमा' आणि चौथ्याच्या 'फॅमिली थेरपी'. वाचणाऱ्याला आधीच रात्र-रात्र झोप नसते, छातीत धडधडत असतं, आणि त्यात ही अक्षरं सोडवायची. बहुतेक जण मग फोटोतला जो चेहरा बरा वाटेल त्यावर बोट ठेवतात. (ही पद्धत वाटते तितकी वाईट नाही. का, ते पुढे येईलच.)

या सगळ्या नावांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: त्रास टिकून का राहतो? सुरू का झाला, हा प्रश्न वेगळा. सुरू होण्याची कारणं हजार असतात आणि कित्येकदा ती नीट कळतही नाहीत. पण माणूस वर्षानुवर्षं त्याच जागी अडकून पडला असेल, तर रोजच्या जगण्यातलं काहीतरी त्या त्रासाला खतपाणी घालत असतं. ते कुठून येतं, याबद्दल प्रत्येक पद्धतीचा स्वतःचा एक अंदाज आहे. कुणी विचारांकडे बोट दाखवतं, कुणी टाळाटाळीकडे, कुणी जुन्या नात्यांकडे, कुणी घरातल्या माणसांकडे. पाटीवरची अक्षरं म्हणजे हे अंदाज.

उदाहरणासाठी एक बाई डोळ्यांपुढे आणू. वय 34. वर्षभरापूर्वी लिफ्टमध्ये असताना अचानक तिचं काळीज धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरणार अशी तिची खात्रीच झाली. पुढच्या मजल्यावर ती कशीबशी बाहेर पडली. हॉस्पिटलमध्ये ईसीजी झाला, रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, सगळं नॉर्मल. 'टेन्शन घेऊ नका,' असं सांगून तिला घरी पाठवलं. तेव्हापासून ती ऑफिसचे सात मजले जिने चढून जाते. पर्समध्ये पाण्याची बाटली असल्याशिवाय बाहेर पडत नाही. कुठेही गेली तरी दाराजवळची खुर्ची पकडते आणि अधूनमधून मनगटावर बोट ठेवून ठोके मोजते. आता नवरा सोबत असल्याशिवाय गर्दीत जात नाही. लहानपणी तिची आई दीर्घकाळ आजारी होती, आणि ही घरातली 'शहाणी मुलगी' होती, कधी कुणाला त्रास न देणारी. कुणी समजवायला गेलं की ती म्हणते, 'मला सगळं कळतं हो, पण वळत नाही.'

या बाईला आपण वेगवेगळ्या थेरपिस्टांकडे पाठवू.

वहीपेनवाली खोली

पहिली थेरपिस्ट सीबीटीवाली, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी. आईच्या आजारपणाची नोंद ती घेते, पण त्यावर रेंगाळत नाही. तिचे प्रश्न बारीक असतात. शेवटचा झटका कधी आला? किती वाजता? शरीरात सगळ्यात आधी काय जाणवलं? त्या क्षणी मनात कुठलं वाक्य आलं?

उत्तरं एका कागदावर गोल मांडली जातात. काळजाचा एक ठोका चुकल्यासारखा वाटला. मनात आलं, 'हार्ट अटॅक.' त्या विचाराने भीती वाटली. भीतीने अॅड्रेनलिन वाढलं, ठोके आणखी जोरात पडू लागले. ते जाणवल्यावर मन म्हणालं, 'बघ, खरंच अटॅक आहे.' असं एकातून एक वाढत दोन मिनिटांत प्रकरण शिगेला पोचतं. पॅनिक अटॅकचं हे वर्तुळ ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली नीट मांडलं. त्यातली खरी गोम अशी की धडधड ही काही दुखण्याची खूण नव्हे. जिना चढल्यावरही होते, आनंदाची बातमी ऐकल्यावरही होते. तिचा अर्थ 'मी मरतेय' असा लावला, की तिचं दुखणं होतं.

पण मग वर्षभरात एकदाही मृत्यू न येऊनही तिचा हा समज का मोडला नाही? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर उत्तर वाटतं. पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिखर गाठतो आणि मग आपला आपण उतरतो. पण ही बाई तो उतरेपर्यंत तिथे थांबतेच कुठे? ती लिफ्टमधून बाहेर पडते, दाराजवळ सरकते, पाण्याचा घोट घेते. मग अटॅक ओसरतो आणि श्रेय जातं बाटलीला. छत्री घेऊन निघाले म्हणून पाऊस पडला नाही, अशातली ही गत. छत्री एकदाही घरी ठेवली नाही, तर हा हिशेब कधी तपासलाच जात नाही. थेरपिस्टांच्या भाषेत या छत्र्यांना 'सुरक्षा-वर्तन' म्हणतात. माणसाला त्या आधारासारख्या वाटतात, पण त्रास टिकवून ठेवण्याचं काम त्याच करत असतात.

म्हणून उपचारही गप्पांचा राहत नाही. थेरपिस्ट तिला खुर्चीत बसूनच एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावते. हाताला तशाच मुंग्या येतात, तसंच गरगरतं, आणि आपण जिवंत आहोत हेही त्याच खुर्चीत कळतं. कधी फिरत्या खुर्चीत गोल फिरवतात, कधी बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगतात. (हे प्रयोग घरी एकट्याने करायचे नसतात. हृदयाचं दुखणं, दमा, गरोदरपण असं काही असेल तर ते आधी सांगायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.) मग लिफ्ट. आधी थेरपिस्टसोबत एक मजला, मग एकटीने, मग बाटली टेबलावर ठेवून.

ही कल्पना नवी नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती अशीच घालवली होती. तो आवडीचं काहीतरी खात असताना ससा दर वेळी थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर त्याला कुरवाळायला लागला. 1958 साली जोसेफ वोल्पे यांनी या रीतीला शिस्तीचा साचा दिला: भीतीची शिडी करायची, शरीर सैल सोडायला शिकायचं आणि एकेक पायरी चढायची. अलीकडे मात्र भर थोडा सरकला आहे. भीती शून्यावर यायलाच हवी असा हट्ट आता धरत नाहीत. लिफ्टमध्ये शिरण्याआधी कागदावर लिहायचं, 'मी बेशुद्ध पडेन, खात्री 80 टक्के.' बाहेर आल्यावर त्याच कागदावर काय घडलं ते लिहायचं. भीती वाटली तरी चालेल, पण भाकीत खोटं ठरलं पाहिजे. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते आणि हळूहळू तीच आधी आठवू लागते.

सीबीटीतल्या विचारांच्या भागाची कथाही ऐकण्यासारखी आहे. अॅरन बेक हे मुळात मनोविश्लेषणाच्या शाळेतले. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे त्या शाळेचं मत सिद्ध करायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. स्वप्नांत राग सापडेना. सापडलं ते हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. रुग्ण जागेपणी स्वतःबद्दल जे बोलत होते तेच. त्यातून 1960 च्या दशकात त्यांनी अशा विचारांवर काम सुरू केलं जे मनात इतक्या झटकन येऊन जातात की विचार म्हणून जाणवतच नाहीत. अल्बर्ट एलिस त्यांच्या थोडे आधी, 1950 च्या दशकात, त्याच वाटेने निघाले होते. त्यांची पद्धत मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. एलिस यांचा सगळा रोख माणसाच्या हट्टावर होता. इंग्रजीला त्यासाठी आख्खा शब्द लागतो, मराठीत ते काम एका 'च'वर भागतं. 'मला जमावं' ही इच्छा झाली. 'मला जमलंच पाहिजे' हा स्वतःच्या मानेवर ठेवलेला सुरा.

एक गैरसमज इथेच खोडायला हवा. सीबीटी म्हणजे 'पॉझिटिव्ह विचार करा' नव्हे. तो सल्ला तिला नवऱ्यापासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी फुकट दिलेला असतो. चांगला सीबीटी थेरपिस्ट विचाराला गोड करत नाही, त्याच्याकडे पुरावा मागतो.

वाद न घालणारी खोली

दुसरा थेरपिस्ट एसीटीवाला. स्वीकार आणि बांधिलकी यांवर उभी असलेली ही पद्धत 1980 च्या दशकात स्टीव्हन हेज यांनी रचायला घेतली. हेज यांना स्वतःला पॅनिक अटॅक येत असत, हे त्यांनी उघडपणे सांगितलं आहे. या खोलीत 'विचार खरा की खोटा' असा खटला चालत नाही. त्रास टिकतो तो माणूस त्रासाशी अहोरात्र झुंजतो म्हणून, असा इथला अंदाज.

डॅनियल वेग्नर यांचा 1987 सालचा एक प्रयोग याला पूरक आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. शिवाय नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, ज्यांना आधी मनाई होती त्यांच्या डोक्यात अस्वल जास्त आलं. मनगटावर बोट ठेवून 'आज धडधड नको' म्हणणाऱ्या बाईचं याहून वेगळं काय चाललंय?

म्हणून हा थेरपिस्ट तिला वाक्य बदलायला शिकवतो. 'मी मरतेय' ऐवजी 'मी मरतेय असा विचार मला आता आलाय.' ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो. पण पहिल्या वाक्यात आपण विचाराच्या पोटात असतो, दुसऱ्यात त्याच्याकडे पाहत असतो. आणि मग तो विचारतो, या वर्षभरात भीतीपायी काय काय सुटलं? अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे जाणं सुटलं, असं निघतं. तर मग भीती गेल्यावर मैत्रिणीकडे नाही जायचं, भीतीला बरोबर घेऊनच जायचं. शेवटी तीही लिफ्टमध्येच शिरते. पहिल्या खोलीतून निघालेली वाट आणि ही वाट एकाच दाराशी येतात, फक्त कारण वेगळं सांगतात.

मागे वळून पाहणारी खोली

तिसरी थेरपिस्ट सायकोडायनॅमिक, म्हणजे मनाच्या आतल्या, बऱ्याचदा नकळत चालणाऱ्या ओढाताणीकडे पाहणारी. ही फार विचारत नाही. ऐकते, आणि बाई काय बोलते याइतकंच कसं बोलते इकडे लक्ष देते. बाई दहा मिनिटं उशिरा आल्याबद्दल चार वेळा माफी मागते. निघताना 'तुमचा फार वेळ घेतला' म्हणते. तिसऱ्या आठवड्यात थेरपिस्ट हळूच म्हणते, 'इथेही मला त्रास होऊ नये याचीच तुम्हाला जास्त काळजी लागलेली दिसते.'

या पद्धतीचा अंदाज असा की माणूस लहानपणी ज्या रीतीने जवळच्यांशी जुळवून घ्यायला शिकला, तीच रीत पुढे सगळीकडे वापरत राहतो, थेरपिस्टसमोरसुद्धा. आजारी आईच्या घरात रडायला, रागवायला, मागायला जागा नव्हती. मग जे तोंडाने मागता येत नाही ते शरीर मागतं. पहिला अटॅक आला त्या आठवड्यात काय घडलं होतं, हे इथे विचारलं जाईल. कदाचित वरिष्ठांनी आणखी एक काम तिच्या गळ्यात घातलं होतं आणि ती 'हो, चालेल' म्हणाली होती.

ही सगळ्यात जुनी खोली. योसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक 1895 साली आलं. त्यातली ब्रॉयर यांची रुग्ण 'अॅना ओ.' हिनेच या उपचाराला 'बोलण्याचा इलाज' हे नाव दिलं, आणि थट्टेत ती त्याला धुराडं साफ करणं म्हणायची. म्हणजे साऱ्या विद्याशाखेचं बारसं एका रुग्णाने केलं. रुग्णाला आडवं झोपवून स्वतः मागे, नजरेआड बसायचं, तो फ्रॉइड यांचा प्रसिद्ध कोच आता क्वचित दिसतो. त्यामागचं एक कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहावं हे त्यांना सोसवत नव्हतं.

या खोलीवर 'वर्षानुवर्षं नुसतं बोलत बसायचं' असा आरोप होतो. तो अर्धाच खरा आहे. आज ठरावीक मुदतीची सायकोडायनॅमिक थेरपीही असते. पॅनिकसाठीच बांधलेल्या 24 सेशनच्या अशा उपचाराची 2007 साली तुलना झाली, तेव्हा शरीर सैल सोडण्याच्या प्रशिक्षणापेक्षा तो सरस ठरला. तरी माझं मत विचाराल तर, भीतीची मुळं कळल्याने लिफ्टची भीती जाईलच असं नाही. पण सगळ्यांना 'हो' म्हणत राहण्याचं जे ओझं आहे, त्यासाठी मी याच खोलीचं दार ठोठावीन.

घरातली माणसं

चौथा थेरपिस्ट नवऱ्यालाही बोलावतो. त्याला दोष द्यायला नव्हे. नवरा फोन दोन रिंगमध्ये उचलतो, प्रत्येक ठिकाणी सोबत जातो, तिच्याऐवजी बिलं भरायला रांगेत उभा राहतो. प्रेमच आहे ते. पण त्या प्रेमातून तिला रोज एक निरोप मिळतो: तुला एकटीला जमणार नाही. मरे बोवेन, साल्वाडोर मिनुचिन अशांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जी कुटुंबोपचाराची परंपरा उभी केली, तिचा गाभा हाच. लक्षण एका माणसात दिसतं, पण त्याचे धागे माणसामाणसांच्या मधे विणलेले असतात.

याचा एक विलक्षण पुरावा मुलांच्या बाबतीत मिळाला. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी एक उपचार तयार केला, त्यात चिंताग्रस्त मुलाला थेरपिस्ट भेटतच नाही, फक्त आईवडिलांना भेटतो. मुलाच्या भीतीभोवती आपण घरात काय काय फेरफार करून ठेवलेत ते ओळखायचं आणि एकेक मागे घ्यायचं, आणि मुलाला सांगत राहायचं की तुला भीती वाटते हे खरं, आणि तू ती पेलशील हेही खरं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा उपचार मुलाला दिलेल्या सीबीटीइतकाच परिणामकारक ठरला.

पाचव्या खोलीबद्दल थोडक्यात, कारण ती बाकी सगळ्या खोल्यांत शिरली आहे. कार्ल रॉजर्स यांनी 1940 च्या दशकात 'रुग्ण' हा शब्द बाजूला ठेवून 'क्लायंट' म्हणायला सुरुवात केली, सेशनं रेकॉर्ड करून अभ्यासली, आणि 1957 साली ठामपणे लिहिलं की समोरच्याला आतून समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खोटं न वागणं, एवढं खरोखर मिळालं तर माणूस बदलतो. थेरपिस्टने सल्ला देऊ नये, हे आज सगळ्यांना ठाऊक असलेलं सूत्र मुख्यतः त्यांच्यापासून आलं. आपल्या बाईला ही खोली पहिल्या दिवशी फार आवडेल. लिफ्टपर्यंत तिला इथून कुणी नेईलच, याची खात्री मी देणार नाही.

ज्या खोल्या तिच्यासाठी नाहीत

डीबीटी ही मार्शा लिनेहान यांनी बांधलेली पद्धत, ज्यांच्या भावना वादळासारख्या उसळतात आणि ज्यांना स्वतःला इजा करावीशी वाटते अशांसाठी. वैयक्तिक सेशनबरोबर गटात कौशल्यं शिकवली जातात आणि दोन सेशनच्या मधे फोनवर मदत मिळते. 'तुम्ही जशा आहात तशा ठीक आहात' आणि 'तुम्हाला बदलावं लागेल' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी धरून ठेवणं हा तिचा कणा. 2011 साली लिनेहान यांनी जाहीर केलं की 17 व्या वर्षी त्या स्वतःच अशा अवस्थेत मनोरुग्णालयात दाखल होत्या.

ईएमडीआर आघाताच्या आठवणींसाठी. फ्रान्सिन शापिरो यांना ही कल्पना 1987 साली बागेत चालताना सुचली: त्रासदायक आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी डोळे डावी-उजवीकडे हलवायचे. ऐकणाऱ्याला जादूटोणा वाटतो, पण आघातोत्तर ताणाच्या विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत तिला सीबीटीच्या जोडीने जागा दिली आहे. वाद आहे तो डोळे हलवण्याचा त्यात नेमका किती वाटा आहे यावर. आठवणीला सुरक्षित जागी पुन्हा सामोरं जाणं हाच खरा इलाज आहे, असं अनेक अभ्यासक म्हणतात.

मग खरं कोण?

1952 साली हान्स आयझेंक यांनी बॉम्बच टाकला. मज्जाविकृतीचे, म्हणजे चिंता, भीती, उदासी अशा त्रासांचे, दोन तृतीयांश रुग्ण उपचार केले नाहीत तरी दोन वर्षांत सुधारतात, असं सांगून त्यांनी थेरपीच्या उपयोगावरच प्रश्न उभा केला. उत्तर यायला 25 वर्षं लागली. 1977 साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी 375 अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज केली. थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्यांपैकी 75 टक्क्यांहून बऱ्या अवस्थेत होता. मात्र पद्धतींमध्ये फारसा फरक दिसला नाही. हे भाकीत सॉल रोझेनझ्वाइग यांनी 1936 मध्येच केलं होतं, 'अॅलिस'च्या गोष्टीतल्या डोडो पक्ष्याचा निकाल उद्धृत करून: सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस.

फरक नाही, मग काम करतं काय? 1979 साली एडवर्ड बॉर्डिन यांनी थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या जुळणीचे तीन धागे सांगितले. कुठे जायचं यावर एकमत, तिथे जायला काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर विश्वास. ही जुळणी जितकी घट्ट तितका परिणाम चांगला, हे नंतर शेकडो अभ्यासांत दिसत गेलं. फोटोतला बरा चेहरा निवडणारे अगदीच चुकत नाहीत ते म्हणूनच. फक्त लक्षात घ्या की तिन्हींतला एकच धागा आपुलकीचा आहे. थेरपिस्ट खूप प्रेमळ आहे, पण सहा महिन्यांत आपण कुठे चाललोय हे दोघांनाही ठाऊक नाही, अशी सेशनं मी पुष्कळ ऐकली आहेत.

आणि डोडोचा निकाल सरसकट लावणं धोक्याचं. भय, पॅनिक, मंत्रचळ यांसारख्या विकारांत भीतीला सामोरं नेणारे उपचार उजवे ठरत आले आहेत. उलट काही हस्तक्षेप नुकसानही करतात. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत 'मन मोकळं करा' म्हणण्याची प्रथा एके काळी जोरात होती. तपासणीअंती त्याने पुढचा त्रास टळत नाही असं दिसलं, काहींचा तर वाढला. मन मोकळं केल्याने बरं वाटतं हे खरं, पण कधी आणि किती करायचं याला वेळ असते.

दार ठोठावण्याआधी

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध लिहू शकतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी दोन्ही करतात. समुपदेशक प्रामुख्याने थेरपी. 'थेरपिस्ट' हा शब्द तर अनेक देशांत कायद्याने राखीवच नाही, कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून शिक्षण, नोंदणी आणि देखरेख या तीन गोष्टी विचारायला संकोच नको. देखरेख म्हणजे हा थेरपिस्ट आपल्या कामाबद्दल एखाद्या अनुभवी थेरपिस्टशी नियमित बोलतो का. चांगल्या थेरपिस्टला हा प्रश्न टोचत नाही. एखाद्याच्या नावाखाली चौदा पद्धती दिसल्या तर मी जरा थबकतो. दोन-तीन पद्धतींची विचारपूर्वक सांगड घालणं वेगळं, आणि चौदा कार्यशाळांची प्रमाणपत्रं वेगळी.

औषध की थेरपी, हा वाद बऱ्याचदा खोटा असतो. नैराश्यात अंथरुणातून उठवतच नसेल, तर औषध माणसाला त्या खुर्चीपर्यंत आणून बसवतं. चालू असलेलं औषध मात्र डॉक्टरांना न विचारता थांबवायचं नाही. आणि जीव द्यावासा वाटत असेल, तसा बेत मनात आकार घेत असेल, तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी तातडीची मदत किंवा हॉस्पिटल गाठायचं, शेजारच्या माणसाला सांगून.

सेशन साधारण 50 मिनिटांचं असतं. पहिल्यात मुख्यतः इतिहास आणि नियम. बोललेलं गुप्त राहतं, पण त्याला सीमा असतात, आणि त्या थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, मुलाचा छळ होत असेल, तर मौन पाळता येत नाही. यातला 'दुसऱ्याच्या जिवाला धोका' हा भाग कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 च्या टॅरासॉफ निकालानंतर ठळक झाला. क्लायंटने एका तरुणीला मारण्याचा बेत थेरपिस्टला सांगितला होता, तिला कुणी सावध केलं नाही, आणि तिचा खून झाला. देशोदेशीचे कायदे यात वेगळे आहेत, म्हणून विचारूनच घ्यावं.

दोन-तीन सेशननंतर एक प्रश्न जरूर विचारावा: 'माझा त्रास कशामुळे टिकून आहे असं तुम्हाला वाटतं?' उत्तर चुकू शकेल, बदलू शकेल. पण उत्तरच नसेल तर काळजीची गोष्ट. दुसरा प्रश्न, 'सुधारणा होतेय हे आपल्याला कसं कळणार?' हा प्रश्न उगाच नाही. 2005 सालच्या एका अभ्यासात थेरपिस्टांना आपल्या 550 क्लायंटपैकी कोणाची अवस्था बिघडेल ते सांगायला लावलं. त्यांनी तीन जणांची नावं घेतली. प्रत्यक्षात 40 जणांची बिघडली. माणसं वाईट नव्हती, आशावादी होती. म्हणून दर सेशनला दोन मिनिटांची प्रश्नावली भरून घेणारा थेरपिस्ट यांत्रिक वाटला तरी तो तुमच्या बाजूचा आहे.

किती दिवस लागतील? 1980 च्या दशकातल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्या लोकांत आठ सेशनपर्यंत मोजता येईल अशी सुधारणा दिसली, तीन चतुर्थांश लोकांत 26 पर्यंत. आठ सेशननंतर काहीच हललं नाही, तर थेरपिस्ट बदलण्याआधी तेच त्याला सांगून पाहा. 'मला इथे काही मिळत नाहीये' हे वाक्य आपल्या त्या शहाण्या मुलीसाठी लिफ्टपेक्षाही अवघड आहे, आणि ते बोलता आलं तर तिची थेरपी बहुधा त्याच दिवशी खऱ्या अर्थाने सुरू होईल. थेरपिस्ट त्यावर चिडला किंवा त्याने तुमचंच काहीतरी काढलं, तर खुशाल दुसरं दार बघा.

शेवटची सेशनं दर आठवड्याला नसतात. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. वहीपेनवाल्या खोलीत शेवटच्या दिवशी एक कागद बनतो: झटका परत आला तर काय करायचं. कधीतरी येईलही, बहुतेक झोप कमी झालेल्या एखाद्या आठवड्यात. त्या कागदावर बाईने स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या आहेत. ठोके मोजायचे नाहीत. बाटली पर्समध्ये असली तर असू दे, उघडायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टनेच जायचं, सातव्यापर्यंत.